काळजातली पाण्याची गाठ

खाटीक ज्याला काळीज म्हणतो ते मेंढीचे यकृत मी नोकरीच्या ३१ वर्षांत किती वेळा हातात घेतले असेल, याची मोजदाद नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बहुतेक सेवा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत आणि आटपाडी या दोन तालुक्यांत झाली. या भागात पाऊस कमी आणि मेंढरे जास्त, त्यामुळे मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनात पशुधन विकास अधिकाऱ्यांना मदत करणे हे माझे नेहमीचेच काम होते. गावकरी मला ‘डॉक्टर’ म्हणतात. मी पदवीधर डॉक्टर नाही हे सुरुवातीची काही वर्षे समजावून सांगत असे, पुढे तो नाद सोडून दिला. म्हाताऱ्या मेंढीचे पोट उघडले की यकृतावर, कधी फुप्फुसावर, लिंबाएवढ्या किंवा मोसंबीएवढ्या पांढुरक्या गाठी दिसत. सुरीचे टोक लागताच आतले पाणी चिळकांडीसारखे उडे आणि ते इतके नितळ असे की कपड्यावर पडले तरी डाग राहत नसे. मागे उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा लिबलिबीत पडदा उरे. ‘हायडॅटिड’, म्हणजे एका कृमीमुळे धरणारी पाण्याची गाठ, हा शब्द मी शवविच्छेदनाच्या कागदांवर अनेकदा लिहिला होता. तो स्वतःच्या नावाखाली लिहिलेला पाहण्याची वेळ वयाच्या ५४ व्या वर्षी आली.

२०२१ च्या पावसाळ्यात मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. खडा लहान होता, चार दिवसांत पडून गेला. अहवालाच्या तळाशी मात्र एक जास्तीची ओळ होती: यकृताच्या उजव्या भागात ७.८ सेंटीमीटरची साधी पाण्याची गाठ. मला तपासणाऱ्यांनी ती ओळ वाचून सांगितले की अशा गाठी पुष्कळांना असतात, त्रास नसेल तर विसरून जा, आणि त्रास झालाच तर इथेच सुईने पाणी काढून टाकू, पाच मिनिटांचे काम आहे. मला ते पटले. मी आजवर ती गाठ पाहिली होती ती नेहमी उघड्या पोटात. चकचकीत कागदावरचा काळा वाटोळा डाग पाहून मला तिची ओळख पटली नाही, आणि खरे सांगायचे तर तसा विचारही मनाला शिवला नाही. मेंढरांना होते ते मेंढरांना, अशी काहीतरी समजूत आत बसलेली असावी.

त्या पाच मिनिटांच्या कामाला मी होकार दिला असता तर काय झाले असते, हे पुढे कळले. जिवंत हायडॅटिड गाठीतले पाणी दाबाखाली असते. तयारीशिवाय सुई घातली आणि पाणी पोटात सांडले, तर शरीराला त्याची इतकी तीव्र ॲलर्जी येऊ शकते की रक्तदाब कोसळून माणूस टेबलावरच दगावतो. आणि तो वाचला तरी त्या पाण्यातल्या वाळूसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी, म्हणजे कृमींच्या कोवळ्या डोक्यांपैकी, प्रत्येकात पोटाच्या पोकळीत नवी गाठ धरण्याची ताकद असते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उजव्या बरगड्यांखाली जडपणा वाटू लागला. दुखणे असे नव्हते, पण मोटारसायकलवरून खाचखळग्याचा रस्ता ओलांडताना आत काहीतरी हिंदकळल्याची जाणीव होई. पत्नीने हट्ट धरला म्हणून मिरजेला गेलो. पोटाचे दुखणे असो वा हाडाचे, आमच्या पूर्व भागातला माणूस शेवटी मिरजेलाच येतो. १८९४ मध्ये वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे रुग्णालय उभारले तेव्हापासूनची ही वहिवाट आहे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातली माणसेही ती पाळतात.

तिथल्या सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी बराच वेळ काही न बोलता पोटावर प्रोब फिरवला. मग मला डाव्या कुशीवर वळायला सांगितले, थोड्या वेळाने पुन्हा उताणे व्हायला सांगितले आणि पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या गोलाच्या तळाशी बसलेले बारीक पांढरे कण माझ्या वळण्याने ढवळले गेले होते आणि आता सावकाश खाली बसत होते. पुस्तकात याला हिमवर्षावाची उपमा दिलेली आहे, असे त्या म्हणाल्या. जतकडच्या माणसाला बर्फाचे काय. मला उन्हाळ्यात बादली बुडवल्यावर विहिरीच्या तळाशी पुन्हा बसणारा गाळ आठवला. गोलाची कडही एकेरी नव्हती, मध्ये बारीक फट ठेवून काढलेल्या दोन रेघांसारखी ती दिसत होती.

“तुम्ही काम काय करता?” त्यांनी विचारले.

“मेंढ्यांच्या दवाखान्यात आहे.”

त्यांनी प्रोब तसाच धरून माझ्याकडे पाहिले. “मग हे काय आहे ते तुम्हीच सांगा.”

मी सांगितले. आवाज माझा मलाच परका वाटला.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. रक्ताची एलायझा चाचणी सकारात्मक आली. ती नकारात्मक आली असती तरी गाठ नाकारता आली नसती, कारण धड असलेल्या गाठीचा रक्ताला कधी कधी सुगावाच लागत नाही. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसे स्वच्छ होती. गाठींपैकी सुमारे सत्तर टक्के यकृतात आणि त्याखालोखाल फुप्फुसांत होतात, म्हणून तो एक्स-रे चुकवता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये गाठ ९.२ सेंटीमीटरची निघाली, म्हणजे पंधरा महिन्यांत जवळपास दीड सेंटीमीटर वाढलेली. शल्यचिकित्सकांना सर्वांत बरे वाटले ते निराळ्याच गोष्टीचे: गाठ यकृताच्या पृष्ठभागावर आलेली नव्हती, तिच्या आणि बरगड्यांच्या मध्ये दोन बोटे जाडीचे निरोगी यकृत होते. सुई त्या जाडीतून नेली तर ती काढल्यावर मांस आपोआप मिटते आणि गळती पोटात उतरत नाही.

मी मनाशी ठरवून गेलो होतो की शस्त्रक्रिया होणार. मोठी गाठ म्हणजे मोठी चीर, हा माझा जनावरांवरून काढलेला हिशेब होता. शल्यचिकित्सकांनी तो खोडून काढला. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा की उपचार आकारावरून ठरतो त्यापेक्षा जास्त गाठीच्या वयावरून आणि आतल्या रचनेवरून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीत दिसणाऱ्या रूपावरून या गाठींच्या पायऱ्या पाडल्या आहेत. एकाच पिशवीत निव्वळ पाणी असेल, किंवा आतला पडदा सुटून पाण्यात तरंगत असेल, तर ती सुईने रिकामी करता येते; अशी गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा नुसत्या गोळ्यांवरही भागते. पिशवीत पिलांसारख्या अनेक लहान पिशव्या भरलेल्या असतील तर साध्या सुईचा उपयोग नाही, तिथे शस्त्रक्रियाच बरी. आणि गाठ आतून घट्ट होऊन तिच्यात चुना साचू लागला असेल तर तिला कोणी हात लावू नये, फक्त वर्षावर्षाने पाहत राहावे, कारण ती आपणहून मरत आलेली असते. माझी गाठ पहिल्या पायरीवर होती, त्या वर्गीकरणातली ‘सीई १’. म्हणजे तरुण, जिवंत, आणि सुईला योग्य.

या पद्धतीला ‘पेअर’ म्हणतात. सुई घालणे, पाणी ओढून घेणे, कृमी मारणारे औषध भरणे आणि तेही पुन्हा ओढून घेणे या चार कृतींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती वापरात आणली; त्याआधी हायडॅटिड गाठीत सुई घालणे हा वैद्यकात गुन्हाच समजला जाई. डॉक्टरांनी मला श्रीनगरच्या अभ्यासाविषयीही सांगितले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५० रुग्णांपैकी निम्म्यांवर सुईने आणि निम्म्यांवर शस्त्रक्रियेने उपचार केले होते; गाठी दोन्हींकडे सारख्याच आक्रसल्या, मात्र सुईवाल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी चार दिवसांचा आणि शस्त्रक्रियावाल्यांचा बारा दिवसांहून अधिक होता. काश्मीरही मेंढपाळांचाच मुलूख, या विचाराने मला उगीचच आपलेपणा वाटला.

सुईच्या आधी दहा दिवस अल्बेंडाझोल सुरू झाले, ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन वेळा. हे औषध मी आयुष्यभर मेंढरांच्या नरड्यात पिचकारीने ओतत आलो आहे, त्यामुळे गोळी हातात घेताना हसू आले. पण एक गोष्ट नव्याने कळली: हे औषध पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रिकाम्या पोटी घेतले तर आतड्यातून फारसे रक्तात उतरत नाही, तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतले तर रक्तातले त्याचे प्रमाण पाचपटीपर्यंत वाढते. पोटातल्या जंतांना औषध आतड्यातच हवे असते, इथे ते यकृतापर्यंत पोहोचायला हवे. घरात दोन वर्षांपासून माझ्या कोलेस्टेरॉलमुळे तूप बंद होते. “आता औषधासाठी तूप म्हणे,” असे पुटपुटत पत्नीने सकाळच्या भाकरीवर तुपाची धार धरली, ती मला त्या सगळ्या काळातली सर्वांत सुखाची आठवण आहे.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी सकाळी, आठ तास उपाशी राहून, मी टेबलावर आडवा झालो. खोलीत अपेक्षेपेक्षा जास्त माणसे होती. दोन्ही हातांत सलाइनच्या सुया लावलेल्या, बोटाला नाडीचा चिमटा, आणि भूलतज्ज्ञ माझ्या डोक्याशी बसलेले. मला पूर्ण भूल देणार नव्हते, ते फक्त ॲलर्जीची झटापट करावी लागली तर असावे म्हणून हजर होते. त्यांच्या ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून, वर पट्टी चिकटवून ठेवलेले मला दिसले. ॲलर्जी थोपवणारी दोन इंजेक्शने अगोदर दिली गेली. पाच मिनिटांच्या कामात यातले काय काय असते, असा प्रश्न मनात आला.

उजवा हात डोक्यावर घेऊन थोडा डाव्या कुशीला कललो. बरगड्यांमधली जागा पेनने खूण करून, आयोडिनने पुसून, तिथे बधिरतेचे इंजेक्शन दिले. ते झोंबले, त्यानंतरचे काहीच झोंबले नाही. “श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा.” सुई आत जाताना दुखले नाही, पण कोणीतरी अंगठ्याने आतून दाबल्यासारखा बोथट दाब जाणवला आणि त्याच वेळी उजव्या खांद्यात कळ आली. यकृतावरचा पडदा दुखला की कळ खांद्यात उमटते, हे त्यांनी आधी सांगून ठेवले होते म्हणून घाबरलो नाही. पडद्यावर सुईची चमकती रेघ काळ्या गोलात शिरलेली मी पाहिली.

मग सिरिंजमध्ये पाणी आले. मान वळवून मी ते पाहिलेच. ते तसेच होते, अगदी तसेच: विहिरीच्या झऱ्यासारखे नितळ, आणि सिरिंज उभी धरल्यावर तळाशी रव्याच्या चिमटीएवढी पांढरी वाळू. मेंढीच्या पोटात पाहिलेले पाणी आणि हे पाणी एका ओळीत ठेवले असते तर कोणते कोणाचे हे मला सांगता आले नसते.

पहिले काही मिलिलिटर तपासणीला बाजूला काढले. एका पट्टीवर थेंब टाकून त्यात पित्त नाही ना, हे पाहिले गेले, आणि ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. गाठ कधी कधी पित्तनलिकेत फुटलेली असते. पाण्यात पित्त दिसले तर औषध भरायचे नसते, कारण कृमी मारणारे औषध पित्तनलिकांत शिरले तर त्या जळून कायमच्या आखडतात. माझी पट्टी कोरी राहिली. त्यानंतर सुईच्या वाटेने तार आणि तारेवरून टोकाला वेटोळे असलेली बारीक नळी आत बसवली, थोडे रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर पुन्हा खात्री केली की ते पिशवीबाहेर कुठे जात नाही, आणि मग पाणी ओढायला सुरुवात झाली. एकूण ३४० मिलिलिटर निघाले. अर्ध्याहून जास्त पाणी निघाले तेव्हा पडद्यावरच्या गोलात एक पांढरी सुरकुतलेली घडी सुटून हेलकावे खाऊ लागली: आतला पडदा भिंतीपासून सुटला होता. डॉक्टर त्याला पाण्यावरचे कमळ म्हणतात. मला वाळत घातलेले ओले धोतर वाऱ्याने हलावे तसे दिसले.

आता त्याच नळीतून मिठाचे २० टक्क्यांचे पाणी, काढलेल्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश, आत सोडले. नेहमीच्या सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के असते, म्हणजे हे त्याच्या बावीसपट खारट. लोणच्याच्या खारात फोडीचे पाणी सुटते, तसे या खारात कृमीच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि तो मरतो. वीस मिनिटे तसेच पडून राहायचे होते. भिंतीवर घड्याळ होते. त्याचा सेकंदकाटा दर पावलाला किंचित मागे येऊन पुढे जाई. आत जळजळ नव्हती, फक्त तोंडाला कोरड पडली. भूलतज्ज्ञ दर दोन मिनिटांनी रक्तदाबाचा आकडा मोठ्याने वाचत होते आणि मला मेंढरांच्या बाजारातल्या भावांविषयी विचारत होते, ते माझी शुद्ध तपासत होते हे मला नंतर उमगले. वीस मिनिटांनी खार परत ओढून घेतला, नळी टाक्याने बांधून पिशवीला जोडली आणि मला वॉर्डात हलवले. इतके मीठ शरीरात शोषले जाऊ शकते म्हणून संध्याकाळी रक्तातले सोडियम तपासले. ते ठीक होते.

दुपारी पॅथॉलॉजीच्या एका तरुण डॉक्टरांनी, मी विनंती केली म्हणून, मोबाइलवर टिपलेली सूक्ष्मदर्शकातली चित्रे दाखवली. पहिल्या पाण्यात अर्भकाच्या मुठीसारखी मिटलेली कृमीची डोकी होती, प्रत्येकात आकड्यांचा मुकुट. त्यांनी पाण्यात इओसिनचा लाल रंग घातला होता: जिवंत कृमी रंग आत येऊ देत नाही, मेलेल्याला तो अडवता येत नाही. पहिल्या चित्रात बहुतेक सगळी फिकट होती. शेवटच्या पाण्याच्या चित्रात एकूण एक लाल.

रात्री पोटावर बारीक गांधी उठल्या आणि खाज सुटली, इंजेक्शनने ती थांबली. पहाटे थोडा ताप आला. नळीमुळे कूस बदलता येत नव्हती, त्यामुळे झोप नव्हती. भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारले होते, मटण फार खाल्ल्याने झाले का? मी प्रत्येकाला तेच उत्तर दिले होते की मेंढीचे काळीज खाऊन हा रोग होत नाही. मेंढीच्या गाठीतला कृमी कुत्र्याने ते काळीज कच्चे खाल्ले तर त्याच्या आतड्यात वाढतो, जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवतावरून मेंढीच्या पोटात जातात, आणि कुत्र्याच्या केसांना लागलेली, भाजीवर पडलेली, न धुतलेल्या हाताला चिकटलेली माणसाच्या पोटात. माणूस त्या फेऱ्यात चुकून सापडतो आणि फेरा त्याच्यापाशी संपतो, कारण त्याचे यकृत सहसा कुत्र्याच्या वाटेला जात नाही.

उत्तर देणे सोपे होते. रात्री दिवे मालवल्यावर मला १९९३ च्या सुमाराचा एक दुपारचा प्रसंग आठवत राहिला. माडग्याळच्या बाजूला, शेतात बसवलेल्या मेंढरांच्या वाड्यावर, आम्ही एक मेंढी उघडली होती. काळजावर गाठीच गाठी. साहेब हात धुवायला गेले होते, खड्डा खणायचा कंटाळा होता, आणि वाड्याची तीन कुत्री जिभा काढून समोर बसली होती. मी ते काळीज उचलून त्यांच्यापुढे टाकले. मग बादलीत हात बुचकळून, तिथेच बसून, धनगरणीने दिलेली भाकरी खाल्ली. कोणत्या भाकरीबरोबर माझ्या पोटात अंडे गेले हे कोणालाही सांगता येणार नाही, अशा भाकऱ्या मी शेकडो खाल्ल्या आहेत. पण ते काळीज मी टाकले होते एवढे खरे, आणि त्या कुत्र्यांशी खेळणारी दोन पोरे तिथे होती हेही खरे.

दुसऱ्या दिवशी नळीतून जेमतेम सहा मिलिलिटर आले, म्हणून ती काढली. तिसऱ्या दिवशी घरी जायचे होते, पण त्याआधी शेजारच्या खोलीतल्या बाईंविषयी लिहायला हवे. त्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या, चाळिशीच्या, मेंढरांमागे फिरणाऱ्या. मी कोण हे त्यांच्या मुलाकडून कळताच व्हरांड्यात त्यांनी मला थांबवले.

“डॉक्टर, तुमास्नी बी झालं व्हय?”

“झालं की, ताई.”

“मग तुमाला सुई आन् मला कापायचं, आसं का?”

त्यांची गाठ दुसऱ्या पायरीवरची होती, सोनोग्राफीत मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी. मोठ्या पिशवीत द्राक्षांच्या घडासारख्या पिल्ल-पिशव्या. एक रिकामी केली तरी बाकीच्या तशाच राहतात, म्हणून सुई नाही, असे मी माझ्या भाषेत सांगितले. तरी त्यांचीही पूर्वीसारखी मोठी चीर घेतली नाही, दुर्बिणीने झाले. त्यांच्या शल्यचिकित्सकांनी मला ते नंतर समजावले: गाठीभोवती कृमिनाशक द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या रचतात, म्हणजे थेंब निसटला तरी तिथेच मरावा. मग कोइमतूरच्या पळनिवेलू या शल्यचिकित्सकांनी खास याच कामासाठी तयार केलेल्या पद्धतीची रुंद नळी गाठीत घुसवून, सतत ओढ चालू ठेवून, पिल्ल-पिशव्यांसकट सगळे आतल्या आत शोषून घेतात. शेवटी गाठीचे छत कापून उरलेल्या खळग्यात पोटातली चरबीची झालर बसवतात. ताईंच्या नळीतून नऊ दिवस पित्त येत राहिले आणि त्यांना दोन आठवडे राहावे लागले. एकच रोग, एकच वॉर्ड, आणि मी तिसऱ्या दिवशी घरी. त्यांचे मन दुखले असेल तर नवल नाही.

घरी आल्यावरचा भाग कंटाळवाणा आहे, पण उपचार खरे तर तिथेही चालू असतो. गोळ्या तीन महिने चालल्या, दर पंधरवड्याला रक्ततपासणी. दुसऱ्या महिन्यात यकृताचा एसजीपीटी हा आकडा १४० पर्यंत चढला, तेव्हा दर आठवड्याला रक्त दिले आणि तो उतरल्यावरच डॉक्टर निवांत झाले. डोक्यावरचे केस झडले. होते तेवढे थोडेच होते, ते पुढे परतही आले. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलवर एका टेबलावरून ‘मेंढ्यांचा रोग कर्मचाऱ्यास कसा झाला, खुलासा करावा’ असा शेरा आला. मी खुलासा केला. दोन पाने झाली.

गाठ रिकामी केली की ती नाहीशी होते असे मला वाटत होते. तसे होत नाही. महिन्याने तिच्यात पुन्हा थोडे पाणी दिसले आणि माझे पाय गळाले, पण मॅडमनी सांगितले की ते शरीराचे पाणी आहे, पडदा मेलेलाच आहे. सहा महिन्यांनी ५.६ सेंटीमीटर, वर्षाने ४.१, आणि आत पाण्याऐवजी घट्ट, सुताच्या गुंड्यासारखे काहीतरी. गेल्या वर्षी ३ सेंटीमीटर, कडेला चुन्याची सुरुवात. वर्षातून एकदा सोनोग्राफी अजून कित्येक वर्षे करायची आहे, कारण हा रोग वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो.

माणच्या ताईंचा फोन अधूनमधून येतो. त्यांच्या वाड्यावर चार कुत्री आहेत. त्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वान्टेलची गोळी वजनाप्रमाणे द्यायची, कारण कुत्र्याच्या पोटात गेलेला कृमी अंडी घालू लागायला सुमारे तेवढाच वेळ घेतो. गोळीनंतर दोन दिवस कुत्री बांधून ठेवायची आणि त्यांची विष्ठा जाळायची किंवा खोल पुरायची, कारण गोळी कृमी मारते, अंडी मारत नाही, हे मी त्यांच्या मुलाला वहीत लिहून दिले आहे. परवा त्यांचा फोन आला तो तक्रारीचा होता. तीन कुत्र्यांनी भाकरीतून गोळी खाल्ली, चौथ्याने भाकरी खाल्ली आणि गोळी तेवढी बाजूला काढून ठेवली. मी म्हटले, “भाकरीत नको, ताई. गुळाच्या खड्यात दडपा आणि घास उंच धरून टाका, म्हणजे वरच्यावर झेलून गिळंल.” त्यांनी फोन तसाच चालू ठेवून मुलाला गूळ आणायला पाठवले.